कायद्यापुरतं केलं, म्हणून जो पॅटर्नो सुटत नाहीत

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक जो पॅटर्नो जानेवारी २०१२ मध्ये वारले, तरी त्यांच्या बाजूने केला जाणारा एक दावा आजही तेवढ्याच तावातावाने मांडला जातो. तो असा: 'त्यांचा जुना सहकारी जेरी सँडस्की मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा नराधम निघाला, यात पॅटर्नोंचा काय दोष? त्यांच्या कानावर गोष्ट आली, ती त्यांनी लगेच वरिष्ठांना सांगितली. कायद्याने तेवढंच बंधन होतं. ते प्रशिक्षक होते, पोलीस नव्हेत. विद्यापीठाने स्वतःची अब्रू वाचवायला त्यांना बळीचा बकरा केलं. पुढे काढून घेतलेले विजय परत मिळाले, म्हणजे ते निर्दोषच ठरले.'

या दाव्यातलं एखादं वाक्य खरं आहे, एखादं अर्धं खरं आहे. पण सगळं मिळून जे चित्र उभं राहतं, ते खोटं आहे, आणि त्या चित्रात मुलं कुठेच दिसत नाहीत.

सँडस्की हा पॅटर्नोंच्या संघाच्या बचावफळीचा प्रशिक्षक. त्याने १९७७ मध्ये 'सेकंड माइल' ही वंचित मुलांसाठीची संस्था काढली आणि त्याच मुलांमधून तो आपलं सावज हेरत राहिला. १९९९ मध्ये तो निवृत्त झाला, पण विद्यापीठाच्या क्रीडासंकुलात त्याला मुक्तद्वार होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये अटक झाली, जून २०१२ मध्ये ४८ पैकी ४५ आरोप सिद्ध झाले, आणि शिक्षा लागली ३० ते ६० वर्षांची.

विजय परत मिळण्याचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने जुलै २०१२ मध्ये विद्यापीठाला सहा कोटी डॉलरचा दंड केला आणि १९९८ ते २०११ या काळातले विजय रद्द केले. त्यातले १११ पॅटर्नोंच्या नावावरचे होते. जानेवारी २०१५ मध्ये ते परत मिळाले आणि त्यांचा आकडा पुन्हा ४०९ झाला, तो एका तडजोडीत. ज्या खटल्यात ही तडजोड झाली, त्याचं मूळ दंडाचे पैसे कुठे खर्च व्हावेत या वादात होतं. पॅटर्नो मुलांच्या बाबतीत कसे वागले, यावर त्यात कुणीही निकाल दिलेला नाही. मला विचाराल तर ते विजय काढायलाच नको होते. मैदानात घाम गाळला तो खेळाडूंनी, त्यांचा यात काही संबंध नव्हता. पण ते परत मिळाले, याला निर्दोषत्वाचा दाखला मानता येत नाही.

दुसरा बचाव असा की म्हाताऱ्या माणसाला नीट काही सांगितलंच नव्हतं, त्यांना प्रकरणाचं गांभीर्य कळलं नसेल. ९ फेब्रुवारी २००१, शुक्रवारची रात्र. माइक मॅक्वेरी हा संघाचा तरुण सहायक विद्यापीठाच्या लॅश या फुटबॉल इमारतीत गेला आणि तिथल्या न्हाणीघरात त्याला सँडस्की एका लहान मुलासोबत दिसला. शनिवारी सकाळी तो थेट पॅटर्नोंच्या घरी गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी दोघं बसले. मॅक्वेरीच्या साक्षीनुसार ऐकता ऐकता पॅटर्नो खुर्चीत मागे टेकले, त्यांना धक्का बसलेला दिसत होता, आणि 'तुला हे पाहावं लागलं याचं वाईट वाटतं' असं ते म्हणाले. मॅक्वेरीने वडीलधाऱ्या माणसासमोर सगळा तपशील उघड केला नाही, हे खरंच आहे. पण जानेवारी २०११ मध्ये ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे आरोप ठेवावेत का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, शपथेवर बोलताना खुद्द पॅटर्नोंनी सांगितलं की जे झालं ते लैंगिक स्वरूपाचं होतं, एवढं त्यांना तेव्हा कळलं होतं. मग 'कळलंच नाही' हे त्यांच्या वतीने आपण कशाला म्हणायचं? त्याच साक्षीत शनिवारी वरिष्ठांना लगेच फोन का केला नाही याचंही कारण आहे: लोकांच्या सुट्टीत व्यत्यय आणायचा नव्हता. हे वाक्य मी अनेकदा वाचलंय आणि प्रत्येक वेळी मला तो मुलगा आठवतो, ज्याचं पुढे काय झालं हे त्या आठवड्यात कुणीच विचारलं नाही. तो कोण, कुठला, घरी सुखरूप पोचला का, काही नाही.

'त्याआधी सँडस्कीबद्दल काही ऐकलं नव्हतं' हे पॅटर्नोंचं म्हणणं. १९९८ मध्ये एका आईने तक्रार केली होती की सँडस्कीने तिच्या अकरा वर्षांच्या मुलासोबत अंघोळ केली. विद्यापीठाच्या पोलिसांनी चौकशी केली, जिल्हा सरकारी वकिलांनी आरोप ठेवले नाहीत. ५ मे १९९८ चा क्रीडासंचालक टिम कर्ली यांचा एक ईमेल आहे. विषयाच्या जागी लिहिलंय 'जो पॅटर्नो', आणि मजकुराचा आशय असा की प्रशिक्षकांच्या कानावर घातलं आहे, पुढचं कळवत राहा. आठवड्याभराने पुन्हा: काही नवीन? प्रशिक्षकांना काय चाललंय ते जाणून घ्यायची घाई झालीय. हे 'प्रशिक्षक' दुसरेच कुणी असतील, असा युक्तिवाद होतो. विषयाची ओळ वाचल्यावर तो मला पटत नाही. चौदा वर्षांमागचं आठवत नसेल, हे एका वृद्धाच्या बाबतीत शक्य आहे. पण २००१ मध्ये त्या गोष्टीला तीनच वर्षं झाली होती.

आता कायद्याचा मुद्दा. हा बचावाचा सर्वांत भक्कम भाग आहे आणि तो मी मान्य करतो. पेनसिल्व्हेनियाच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे संस्थेतल्या माणसाने आपल्या वरच्याला कळवलं की त्याचं काम संपत असे. पॅटर्नोंवर कधीही गुन्हा दाखल झाला नाही. सँडस्कीवर खटला चालवणारे सरकारी वकील फ्रँक फिना यांनी पुढे सांगितलं की प्रकरण दडपण्यात पॅटर्नोंचा हात होता असं पुराव्यावरून त्यांना दिसत नाही. म्हणून मी पॅटर्नोंना गुन्हेगार म्हणत नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही.

पण ज्या कायद्याचा आधार घेतला जातो, तोच या प्रकरणामुळे २०१४ मध्ये बदलला गेला. आता तिथे शिक्षक, प्रशिक्षक यांना थेट राज्याच्या यंत्रणेला कळवावं लागतं, साहेबाला सांगून हात झटकता येत नाहीत. आपल्याकडेही पॉक्सो कायदा २०१२ पासून हेच सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात माहिती असूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फिरवला. पॅटर्नोंना आपला कायदा लागू नव्हता, हे उघड आहे. पण 'वर सांगितलं की संपलं' ही पळवाट मुलांच्या जिवावर बेतते, हे दोन्हीकडच्या कायद्यांना उमगलं आहे.

'ते फक्त प्रशिक्षक होते' या वाक्याने मला सगळ्यांत जास्त त्रास होतो, कारण पॅटर्नोंचं मोठेपण ज्यांना माहीत आहे तीच माणसं ते बोलतात. ते १९५० पासून त्या विद्यापीठात होते, १९६६ पासून मुख्य प्रशिक्षक. लाखाहून जास्त लोक मावतील एवढ्या स्टेडियममध्ये त्यांचा संघ खेळायचा. पत्नीसह त्यांनी चाळीस लाख डॉलरपेक्षा जास्त देणगी दिली, ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. खेळाडूने शिकलंही पाहिजे हा त्यांचा आग्रह होता आणि तो खोटा नव्हता. २००४ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर आणि कर्ली त्यांच्या घरी गेले आणि निवृत्त व्हा म्हणाले. पॅटर्नोंनी नकार दिला आणि विषय तिथेच संपला. ज्यांना ते 'वरिष्ठ' म्हणत होते, त्यांची ही पत.

खालून पाहिलं तर हेच आणखी ठळक दिसतं. २००० च्या शरदात एका सफाई कामगाराने त्याच इमारतीत सँडस्कीला एका मुलासोबत पाहिलं. तो इतका हादरला की सहकाऱ्यांना त्याला सावरावं लागलं. तरी कुणी ब्र काढला नाही. विद्यापीठाने चौकशीसाठी नेमलेल्या लुई फ्री यांच्या पथकाला त्या कामगारांपैकी एकाने नंतर सांगितलं की तक्रार करणं म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध जाण्यासारखं होतं, पॅटर्नोंच्या मनात आलं असतं तर आपली नोकरी गेली असती. पॅटर्नोंनी त्यांना धमकावलं नव्हतं. त्यांना या प्रसंगाची खबरही नसेल. पण त्यांच्या नावाचा दरारा एवढा होता की झाडू मारणाऱ्या माणसाचं तोंड त्याने बंद झालं. असा दरारा असलेला माणूस एका बाबतीत तरी 'मी कोण लहानसा' असं म्हणू शकत नाही.

२००१ च्या फेब्रुवारीत वरिष्ठांचं ठरलं होतं की बालकल्याण खात्याला कळवायचं. २७ तारखेला कर्लींनी ईमेल केला: अधिक विचार करून आणि काल जो यांच्याशी बोलून झाल्यावर, ठरलेल्या पुढच्या पावलांबद्दल आपलं मन तयार होत नाही. पॅटर्नो काय बोलले, ते त्यात नाही, आणि मी ते त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण खात्याला कळवायचं राहिलं ते राहिलंच. त्याच ऑगस्टमध्ये त्याच इमारतीत आणखी एका मुलावर अत्याचार झाला. पुढेही होत राहिले. आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत त्या गोष्टीचं काय केलंत, असं पॅटर्नोंनी कर्लींना विचारल्याचं दिसत नाही. कर्ली आणि विद्यापीठाचे उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांनी २०१७ मध्ये मुलांना धोक्यात टाकल्याचा गुन्हा कबूल केला, स्पॅनियरही दोषी ठरले. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी पॅटर्नोंचं नाव घेऊन म्हटलं की यंत्रणेला कळवणारा तो एक फोन ते सहज करू शकले असते, का केला नाही हे मला कळत नाही.

बळीचा बकरा म्हणाल, तर रात्रीच्या वेळी फोनवरून बडतर्फ करणं हे विश्वस्तांना शोभलं नाही, यात वाद नाही. साठ वर्षं ज्यांनी संस्थेला दिली, त्यांना समोर बसवून सांगायला हवं होतं. पण बडतर्फीची रीत चुकली म्हणून कारण चुकीचं ठरत नाही. ९ नोव्हेंबर २०११ ला, बडतर्फीच्याच दिवशी काढलेल्या निवेदनात पॅटर्नोंनी स्वतः म्हटलं होतं की मागे वळून पाहताना, मी आणखी काही करायला हवं होतं असं वाटतं. त्यांचा कैवार घेणाऱ्यांनी निदान एवढं तरी मान्य करावं.