‘डिलीटचं बटण आहे की!’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा चिडून, एकदा चहा घेऊन. मुक्त सॉफ्टवेअरच्या घोषणांच्या मेलिंग यादीवर (एक मेल टाकली की सगळ्या सदस्यांना जाते ती) काय यावं, यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की आम्ही या याद्यांना उगाच सोवळं नेसवलंय. तुमच्या नागपूरच्या लिनक्स शिबिराची पाच ओळींची मेल एका प्रकल्पाने अडवली. ती गेली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? नको त्याने डिलीट करावी, बटण आहे की.

बटणापासूनच सुरुवात करतो. लोक बटण दाबत नाहीत हो, फिल्टर लावतात. आमच्या छोट्या गटाची एकच यादी होती. कार्यशाळेचं पोस्टर तिथेच, नोकरीची जाहिरात तिथेच, कुणाच्या तरी टूलची ०.३.१ आवृत्तीही तिथेच, आणि तिच्यामागे ‘अभिनंदन!’च्या अकरा मेली. पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळणाऱ्या एका मित्राने वैतागून ते सगळं एका फोल्डरात वळवलं. ‘आजच अपडेट करा’ ही माझी मेल त्या फोल्डरात तीन आठवडे पडून होती. त्याने ती डिलीट केली नव्हती. उघडलीच नव्हती.

त्यामुळे ‘बातमी चांगली आहे का’ हे मी बघतच नाही. शिबिर चांगलंच आहे. मी एवढंच बघतो, की मेल मिळणाऱ्याला त्यावर काही करायचंय का, आणि ती मिळाली नाही तर त्याचं काही अडेल का. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त प्रणालीने यासाठी वाटाच वेगळ्या केल्यात. नवी आवृत्ती आली की ‘डेबियन-अनाउन्स’, सुरक्षेचं काही असलं की त्याची वेगळी यादी. एकेका पॅकेजच्या (म्हणजे प्रोग्रामच्या तयार गठ्ठ्याच्या) अपलोडची वर्दी ‘डेव्हल-चेंजेस’वर जाते, आणि तिथे पाऊस पडतो. ज्याला भिजायचंय त्याने जावं.

पण ‘सोवळं’ हा शब्द मला मान्य नाही, आणि त्याला कारण आहे २९ मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे गृहस्थ. आपल्या यंत्रावर एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या यंत्रावरून सुरक्षितपणे आत शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे शोधता शोधता ते ‘एक्सझेड’ या फायली आकसवणाऱ्या टूलमध्ये लपवलेल्या चोरदरवाजापर्यंत पोचले. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या बाधित. डेबियनची सुरक्षा सूचना एरवी निघते ती स्टेबल, म्हणजे पक्क्या झालेल्या आवृत्तीसाठी, आणि स्टेबलमध्ये तर हे आलेलंच नव्हतं. नियमावर बोट ठेवणारा म्हणाला असता, ‘आपला विषय नाही.’ सूचना त्याच दिवशी निघाली. स्टेबलवाल्यांना धोका दिसत नाही, टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून घडत असलेल्या आवृत्त्या वापरणाऱ्यांनी ताबडतोब अपडेट करावं, एवढाच तिचा मथितार्थ. (दुरुस्त पॅकेजचा आवृत्ती क्रमांकही बघण्यासारखा आहे: ५.६.१+रिअली५.४.५. आकडा मागे नेला तर अपडेट आपोआप उतरत नाही, म्हणून वर नवा आकडा आणि आत जुना माल.)

उलटंही घडतं. २०२२ मध्ये ओपनएसएसएलने (इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणारं सॉफ्टवेअर बनवणारा प्रकल्प) आठवडाभर आधी कळवलं, की १ नोव्हेंबरला अतिगंभीर दोषाची दुरुस्ती येतेय. दोष कोणता ते सांगितलं नाही, वेळ तेवढी दिली; आपल्याकडची संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा. प्रत्यक्षात त्या दोषाची गंभीरता एक पायरी उतरवली गेली, आणि बऱ्याच जणांनी कपाळावर हात मारला. तरी माझ्या मते ती मेल यादीवर हवीच होती. त्या संध्याकाळी सर्व्हरपाशी कुणी बसायचं, हे तिच्यामुळे आधी ठरवता आलं.

एका बाबतीत मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. मेल अडवणाऱ्याने तुम्हाला ‘विषयबाह्य’ हा एकच शब्द लिहून पाठवला. इथे नाही तर कुठे, हे सांगायला आणखी एक ओळ लागली असती. मीही अशी एकशब्दी उत्तरं पाठवली आहेत, रात्री अकराला, रांगेत चाळीस मेली असताना. ते कारण झालं, समर्थन नव्हे.

शिबिराचा मजकूर मला पाठवा. नागपुरात माझ्या ओळखीचे दोघे आहेत, त्यांना मी स्वतः फोन करतो. आणि तारखेसोबत वार घाला; तुम्ही इथे डकवलेल्या मजकुरात तो नाहीये.