मुंबईचे आणि पुण्याचे सेवासदन वेगळे

रमाबाई रानडे यांच्यावरील तुमच्या लेखात पुण्याच्या सेवासदनाच्या, म्हणजे स्त्रियांना शिक्षण देणाऱ्या त्यांच्या संस्थेच्या, स्थापनेचे १९०८ साल दिले आहे, ते मुंबईच्या सेवासदनाचे. ते समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी काढले. पुण्याचे १९०९चे, रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांचे. तिथल्या नर्सिंगच्या शिक्षणाचा उल्लेखही एका ओळीत उरकायला नको होता. शिवण-टिपणाच्या वर्गांना घरचे हरकत घेत नसत. परक्या रोग्याला हात लावायचा, विटाळ मानायचा नाही, हे मात्र घराघरांत अडायचे. तरीही पुण्याच्या ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला मुली, विधवा पाठवल्या, हे रमाबाईंचे खरे धाडस! आणि आळंदी कशी विसरलात? आषाढी-कार्तिकीला स्वयंसेविकांची तुकडी घेऊन त्या तिथे जात, गर्दीतल्या वारकरी बायकांच्या मदतीला. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांनाही नेमाने भेटत. कृपया एवढी भर घालाच.