चीनवर ठाम मत हवंय? मग बिल बघू नका

ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत येऊन गेले, महिनाअखेरीस आपले पंतप्रधान चीनमध्ये तिआनजिनला गेले आणि ऑक्टोबरात कोलकाता-ग्वांगझो विमानही सुरू झालं. एवढं होऊनही तुमचं चीनविषयी मत तयार नसेल, तर सोसायटीच्या ग्रुपवर तुम्हाला कोण विचारणार? पण घाबरू नका. बाजारात मतं दोनच आहेत: ‘गलवान विसरलात का?’ आणि ‘धंदा धंद्याच्या जागी’. दोन्ही तयार मिळतात, आणि माल कोणता, किती, कशाला लागतो हे ठाऊक नसलं तरी चालतं.

पहिलं मत घेतलंत तर सुरुवात दिवाळीच्या माळांपासून करा. मग २९ जून २०२० ला ५९ अ‍ॅप कशी बंद केली ते छाती फुगवून सांगा आणि तिथेच थांबा. कारण पुढे आकडे आहेत. २०१९-२० मध्ये चीनकडून आयात सुमारे ६५ अब्ज डॉलरची होती, ती २०२४-२५ मध्ये ११३ अब्जांवर गेली. आपली तिकडची निर्यात मात्र साडेसोळा अब्जांच्या आसपास होती, ती सव्वाचौदावर आली. म्हणजे बहिष्कार झाला खरा. तो कोणी कोणावर टाकला, असं कोणी विचारलं तर पाण्याच्या टँकरचा विषय काढा. (चिनी फोनवरून बहिष्काराचा मेसेज, हा विनोद आता शिळा झालाय. समोरच्याने केला तर हसू नका.)

दुसरं मत घेतलंत तर खिंडींवर बोला. लिपुलेख, शिपकी ला आणि नथू ला इथून सीमाव्यापार पुन्हा सुरू करायचं ठरलंय, हे ऐकायला भारदस्त वाटतं. नथू लामधून आणायला परवानगी असलेल्या मालाची यादी तेवढी वाचू नका. तिच्यात लोकर, मीठ, बकऱ्या, घोडे आणि याकची शेपटी आहे. ज्यावर कारखाने चालतात तो माल न्हावा शेवाला कंटेनरमधून उतरतो, पण कंटेनरमागे हिमशिखर दिसत नाही, मग थंबनेल कसा करणार? लिपुलेखवर नेपाळनेही हरकत घेतली आहे; तेही राहू द्या, आपल्या चर्चेत दोनच देश मावतात.

आता खतांपासून सांभाळा, कारण खरी फजिती तिथे होते. वांग यींच्या भेटीत, चीनने अडवलेल्या तीन गोष्टी मोकळ्या करण्याचं आश्वासन मिळाल्याच्या बातम्या होत्या: खतं, दुर्मीळ मृदा धातू आणि बोगदे खोदणारी यंत्रं. माळा आणि पिचकाऱ्या त्या यादीत नव्हत्या. नाशिक-सांगलीकडे ठिबकमधून सोडायची आणि फवारायची विद्राव्य (पाण्यात विरघळणारी) खतं म्हणजे बारा-एकसष्ट, शून्य-बावन्न-चौतीस वगैरे; हे आकडे म्हणजे त्यातलं नत्र, स्फुरद, पालाश यांचं टक्क्यांतलं प्रमाण. अशा विशेष खतांपैकी सुमारे ८० टक्के चीनमधून येतात, असं हा उद्योगच सांगतो. २०२५ च्या उन्हाळ्यात चीनने बंदी घातली नाही. निर्यातीआधी तिथल्या कस्टमची तपासणी सक्तीची आहे, आणि भारतात यायच्या मालाची तपासणीच होईना. बंदी असती तर निषेध तरी करता आला असता.

वेळही नेमकी तीच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत द्राक्षाच्या डोळ्यात घड धरतो. तेव्हा नत्र आवरून स्फुरद-पालाश द्यायचं, म्हणून शून्य-बावन्न-चौतीस लिटरला पाच ग्रॅमने फवारतात. तो हप्ता चुकला आणि डोळ्यात घड धरला नाही, तर ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर पानंच पानं. तेरा-शून्य-पंचेचाळीस इस्रायल किंवा चिलीकडून मिळतं, पण भाडं आणि दर चढा. तासगावचा बागायतदार खत येऊ द्या म्हणतो, आणि त्याच वर्षी चिनी बेदाणा आडवाटेने येतोय, तो अडवा म्हणून ओरडतो. दोन्ही मागण्या बरोबर आहेत. अशा माणसाला चर्चेला मुळीच बोलावू नका. त्याला कोणत्या बाजूला बसवायचं हे सूत्रसंचालकाला कळत नाही.

यंत्राचा विषय निघाला तर पाणी प्यायला उठा. बुलेट ट्रेनच्या बीकेसी-शिळफाटा बोगद्यासाठी मागवलेली यंत्रं जर्मन कंपनीची, बनली ग्वांगझोला, आणि अडकलीही तिथेच. जपानी रेल्वे, जर्मन यंत्र, चिनी कारखाना, ठाण्याची खाडी. आता यात होळी कशाची करायची ते ठरवा.

राहिली दुर्मीळ मृदा धातूंची चुंबकं, इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरमध्ये असतात ती. ४ एप्रिल २०२५ पासून चीनने सात दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांची चुंबकं निर्यात-परवान्याखाली आणली. हा माल लष्करी कामाला वापरणार नाही असं अंतिम वापराचं प्रमाणपत्र, त्यावर आपल्या सरकारचे शिक्के, मग चिनी वकिलातीची मोहर, मग बीजिंगमध्ये वाट पाहणं. जुलैत बजाज ऑटोने इशारा दिला की ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. मोटर तापते, आणि तापल्यावरही चुंबकत्व टिकावं म्हणून चुंबकात या सातांपैकी डिस्प्रोसियम किंवा टर्बियम लागतं. वजनाने ते जेमतेमच, पण तेवढ्याशिवाय स्कूटर बाहेर पडत नाही.

इथे तुम्हाला ‘आपण का नाही बनवत?’ असं गरजता येईल. जपून. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली आहे: वर्षाला ६,००० टन क्षमता, दोन वर्षं कारखाने उभे करायला, पुढची पाच प्रोत्साहनाची. सात वर्षं चालणाऱ्या कामावर कोणी रात्री नऊला कार्यक्रम करत नाही. केलाच, तर धातुशास्त्रज्ञ बोलवावा लागेल, आणि तो आल्या आल्या विचारेल की ऑक्साइडपासून धातू कोण काढणार. त्यापेक्षा निवृत्त जनरल बरे. ते वेळेवर येतात आणि नकाशा स्वतः आणतात.