शंभराच्या बॉन्डवर घर होत नसतं, दाजी

परवा रात्री साडेदहाला सेलूहून ताईचा फोन. म्हणली, दाजींनी संभाजीनगरला प्लॉट पसंत केलाय, २० बाय ३०, एजंट बॉन्ड (स्टॅम्प पेपरवरचा नोटरीचा करार) करून देतो म्हणतोय, तू तेवढा मेसेज वाच. मेसेज म्हणजे तोच जो महिनाभर सगळ्या ग्रुपवर फिरायलाय, "संभाजीनगरात घर घेताय? ही ७ सूत्रं लक्षात ठेवा", खाली हात जोडलेले आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचवा वगैरे. माझ्याकडं तो चार वेळा आला होता, चारही वेळा न वाचता डिलीट केला, चूक माझीच. कारण दाजी झेडपीचे मास्तर, नुकतेच रिटायर झालेत, आयुष्यभराचा पैसा एकदम खात्यात पडलाय आणि समोर ही सूत्रं.

सगळ्यात आधी सूत्र ३, कारण घर बुडवणारं तेच आहे. गुंठेवारी म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून मंजुरीविना विकलेले प्लॉट. शब्द असे: "गुंठेवारीचा प्लॉट बिनधास्त घ्या. नोटरी बॉन्ड आणि सातबाऱ्याची झेरॉक्स म्हणजेच मालकी. रजिस्ट्रीत फुकट पैसे घालू नका. नवीन कायद्यानं सगळे प्लॉट लीगल झालेत."

एका ओळीत एवढं खोटं बसवायला पण डोकं लागतं.

रजिस्ट्रेशनचा कायदा १९०८ चा आहे. तो म्हणतो १०० रुपये आणि त्यावरच्या किमतीची जमीन विकायची तर दस्त रजिस्टर झाला पाहिजे. शंभर रुपये! आणि आपण काय करायलोत, नऊ लाखाची जमीन शंभराच्या बॉन्डवर घ्यायलोत. (तो शंभराचा बॉन्ड पण आता चालत नाही, २०२४ पासून पाचशेचा झाला, मेसेज लिहिणाऱ्याला तेवढंही माहीत नाही.) बॉन्ड, मुखत्यारपत्र, इसारपावती, मृत्युपत्र असलं सगळं जोडून विकायचा धंदा देशभर चालतो म्हणून सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लँप विरुद्ध हरियाणा सरकार या केसमध्ये साफ सांगून टाकलं की असल्या कागदांनी मालकी जात नाही, रजिस्टर खरेदीखतच लागतं. मी काही वकील नाही, पण हा निकाल कोणत्याही वकिलाला विचारा, नाव घेतलं की मान डोलावतो.

आता एजंट बॉन्ड का देतो ते बघा. तुमचे पैसे वाचावेत म्हणून नाही. शेतकऱ्याच्या एकरातून गुंठा-अर्धा गुंठा पाडून विकलेला असतो, लेआउट मंजूर नाही, एनए (बिगरशेती परवानगी) नाही, तुकडेबंदीत (जमिनीचे छोटे तुकडे विकायला बंदी घालणारा कायदा) रजिस्ट्री अडते, म्हणून बॉन्ड. बरं, एजंट म्हणतो तुकडेबंदीत आता सूट मिळालीय. मिळाली आसंल तर रजिस्ट्रीच करून दे ना बाबा, बॉन्ड कामून? या एका प्रश्नावर समोरचा चहा मागवतो, उत्तर देत नाही.

आमच्या ऑफिसातल्या एकानं मिटमिट्याकडं असाच घेतला होता. कुंपणाचे खांब रोवायला गेला तर तिथं दुसराच माणूस बायको-पोरांसह उभा, त्याच्याही हातात बॉन्ड, तोच गट नंबर, तोच प्लॉट, तारीख दोन महिने आधीची. रजिस्ट्री असती तर इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) काढून आधीचा व्यवहार दिसला असता, ऑनलाइन सर्च होतो. नोटरीच्या रजिस्टरात कोण डोकं घालणार? तर दोघंही कोर्टात, आणि शेतकरी वारला. सातबाऱ्यावर नाव त्याचंच होतं, या दोघांचं कुठंच नाही, मग वारसांचा फेरफार झाला आणि तीन बहिणींची नावं लागली, ज्यांनी कशावरच सही केलेली नव्हती. त्या म्हणतात आमचा हिस्सा. चूक काय त्यांची?

"सगळे लीगल झाले" याच्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकाम-प्लॉटना नियमित करून घ्यायची सोय झाली. पण ती अर्ज करून, नकाशा जोडून, फी भरून, आपोआप नाही. दाजींना दाखवलेल्या प्लॉटिंगची फक्की (आखणीची चुन्याची रेघ) मागच्या दिवाळीत पडलीय, अजून पांढरी दिसते. ती २०२० च्या आधीची कशी होणार?

आणि सातबाऱ्याची झेरॉक्स. आपल्या मराठवाड्यात तर हे वाक्य कुणी बोलूच नये. निजामाच्या काळापासूनच्या इनामी जमिनी आहेत, मदतमाश, खिदमतमाश, देवस्थानच्या, वक्फच्या, शिवाय सिलिंगच्या, गायरानाच्या. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलंय का, इतर हक्कात काय आहे, हे कोण वाचतं? झेरॉक्समध्ये नेमकी तीच ओळ अंधुक येते, हा योगायोग मी लै वेळा बघितलाय.

सूत्र ५, "पाण्याची चिंता नको, नवीन लाइन आली, २४ तास पाणी". जायकवाडी भरलेली असते आणि आपण आठ-आठ दिवस नळाची वाट बघतो, हे या गावात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. पैठणहून येणाऱ्या जुन्या लाइनी लहान, नवीन २५०० मिलिमीटरची, मोठं काम आहे, नाही म्हणत नाही. पण नक्षत्रवाडीच्या टेकडीपर्यंत पाणी येणं आणि तुमच्या मोरीत पाणी येणं यात लै अंतर आहे, मधे जलकुंभ लागतो, गल्लीतली लाइन लागते, कनेक्शन लागतं, आणि मंजूर नसलेल्या प्लॉटिंगमध्ये ती गल्ली महापालिकेच्या कागदावरच नसते. तिथं टँकर. सातारा-देवळाईची माणसं महापालिकेत येऊन वर्षं झाली, त्यांना विचारा उन्हाळ्यात टँकरला किती जातात. घर बघायला गेलं की मी टाइल्स बघत नाही, शेजारच्या बाईला विचारतो, नळ कधी आले होते? ती दिवस मोजायला लागली की समजायचं.

सूत्र १, "शहरातलं घर म्हणजे मेलेला पैसा, शेंद्र्याकडं घ्या, समृद्धी आणि ऑरिकमुळं तीन वर्षांत डबल". समृद्धी महामार्ग आहे, ऑरिक (शेंद्र्याची नवी औद्योगिक नगरी) आहे, कंपन्या येतायत, खोटं नाही. डबल होईल का हे मेसेजवाला कशावरून सांगतो? आणि दाजींना डबल करायचंय की राहायचंय? भाचा वाळूजला कंपनीत आहे. वाळूज पश्चिमेला, शेंद्रा पूर्वेला, मधे अख्खं गाव आणि जालना रोड. पोरगं फर्स्ट शिफ्टला किती वाजता निघणार, कुणी हिशोब केला? त्यात ताईचे गुडघे, दाजींचं बीपी, घाटीत (सरकारी दवाखान्यात) जायचं म्हटलं तर रिक्षा तरी मिळाली पाहिजे. त्यांना कांचनवाडीकडं बघितलं तर लिंक रोडनं वाळूज जवळ पडतं, नाहीतर गारखेड्यात जुना फ्लॅट, भोगवटा प्रमाणपत्र असलेला, लिफ्ट नसली तर पहिलाच मजला.

सूत्र २, सिडकोतलं घर स्वतःचं नसतं म्हणे, लीजवर असतं. हे मात्र बऱ्याच अंशी खरंय, ट्रान्सफर करायला सिडकोची एनओसी लागते आणि चकरा होतात. पण तिथं रस्ता आहे, ड्रेनेज आहे आणि बँक कर्ज देते. बॉन्डच्या प्लॉटला कोणती बँक देते ते सांगा.

सूत्र ४, बाईच्या नावावर घेतलं की स्टॅम्प ड्युटी माफ. माफ नाही, १ टक्का सवलत, ती पण घराला, रिकाम्या प्लॉटला नाही. सूत्र ६, रेरा नंबर (बिल्डरच्या प्रकल्पाचा सरकारी नोंदणी नंबर) असला की डोळे झाकून घ्या. डोळे उघडून महारेराच्या साइटवर तो नंबर टाका, ताबा कधीचा लिहिलाय, तारीख किती वेळा पुढं ढकलली ते दिसतं, आणि करारनामा रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांच्या वर पैसे मागता येत नाहीत, हे मेसेजमध्ये कामून नाही? सूत्र ७ वास्तूचं आहे, त्यात मी पडत नाही, ताईशी भांडण नको.

एवढं सगळं फोनवर बोललो तेव्हा ताई हळूच म्हणली, एकवीस हजार टोकन दिलंय रे. गेले तर गेले, पुढचे देऊ नका म्हटलं. एजंट रविवारी गाडी पाठवतो म्हणतोय. दाजी, त्या गाडीत बसू नका, मंगळवारी बसनं या, मी रजा टाकलीय, आधी तलाठ्याकडं जाऊ.