माहीतच नाही, तर लपवणार कसं?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सहा जणांकडून आला. त्यात दोघी पेशंट, एक मेहुणा आणि एक आमचा मेडिकलवालाही आहे. मजकूर थोडक्यात असा: 'अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर एमडीच्या बरोबरीचे असतात. ते नुसत्या हातांनी मणक्याची सरकलेली गादी जागेवर बसवतात. ऑपरेशन नाही, गोळी नाही, साइड इफेक्ट शून्य. आपल्या डॉक्टरांना हे माहीत आहे, पण धंदा बुडेल म्हणून सांगत नाहीत.' खाली हात जोडलेले आणि 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा'.

मी मिरजेत जनरल प्रॅक्टिस करतो. द्राक्षबागेत विरळणी करून मान धरलेल्या बायका, मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल, ऊसतोडीवरून वाकूनच आत येणारी माणसं, असे कंबर-पाठीचे पेशंट रोजच असतात. म्हणून उत्तर द्यायला बसलो.

शेवटचा आरोप आधी घेतो, तोच जास्त झोंबला. डॉक्टरांना माहीत आहे म्हणे! आमच्या महिन्याच्या बैठकीत मी चहाच्या वेळी चौघांना विचारलं, ऑस्टिओपॅथी म्हणजे काय रे? एक म्हणाला, ऑस्टिओपोरोसिसचंच काहीतरी. दुसऱ्याला ते ऑर्थोपेडिकचं जुनं नाव वाटलं. तिसरा म्हणाला, आपल्या हाडवैद्याला इंग्रजीत तसं म्हणत असतील. चौथ्याला नेमकं सांगता आलं, कारण त्याची भाची अमेरिकेत रेसिडेन्सी करतेय आणि तिचे निम्मे सहकारी 'डी.ओ.', म्हणजे ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले डॉक्टर, आहेत. आपल्याकडे पाटीवर डी.ओ. दिसलं तर तो डोळ्यांचा डॉक्टर, डिप्लोमा इन ऑफ्थॅल्मॉलॉजी. एमबीबीएसच्या अभ्यासात हा विषय कुठे येत नाही. मीही चाळिशी उलटेपर्यंत हे होमिओपॅथीचं भावंड समजत होतो. हे अज्ञान भूषणावह नाही, पण जे ठाऊकच नाही ते दडवणार कसं?

आता अमेरिकेचं. हा भाग खरा आहे, आणि तिथेच गंमत आहे. अँड्र्यू टेलर स्टिल हा मिसुरीकडचा डॉक्टर. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्याची तीन मुलं गेली. पाऱ्याची औषधं आणि रक्त काढणं हेच तेव्हाचे उपचार. त्यांच्यावरचा त्याचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्याने हाडं-स्नायू हातांनी नीट करण्याची आपली पद्धत, म्हणजेच ऑस्टिओपॅथी, जाहीर केली आणि १८९२ मध्ये कर्क्सव्हिलला कॉलेज काढलं. एमडी मंडळींनी, म्हणजे तिथल्या नेहमीच्या डॉक्टरांनी, ऑस्टिओपॅथांना दाराबाहेरच ठेवलं. १९६१ पर्यंत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या लेखी ऑस्टिओपॅथशी व्यावसायिक संबंध ठेवणं हाच नीतिभंग होता. आणि लगेच १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात काय झालं? सुमारे २ हजार डी.ओ. डॉक्टरांना ६५ डॉलर भरून एमडी पदवी देऊन टाकली! काल अस्पृश्य, आज व्याही.

हे शक्य झालं, कारण तोवर त्यांच्या कॉलेजांतही औषधशास्त्र, सर्जरी, बाळंतपण, सगळं तसंच शिकवलं जाऊ लागलं होतं. आज अमेरिकेतला डी.ओ. हा पूर्ण डॉक्टर आहे. सगळ्या राज्यांत औषधं लिहितो, हवं तर मणक्याचं ऑपरेशनही करतो. हातांचे उपचार त्याला साधारण २०० तास जादा शिकवतात आणि पुढे बरेच जण ते क्वचितच वापरतात. २०२० मध्ये ट्रम्प यांना कोविड झाला तेव्हा व्हाइट हाउसचे डॉक्टर शॉन कॉन्ली हे डी.ओ.च होते. ट्रम्पना त्या वेळी काय दिलं? रेमडेसिविर आणि डेक्सामेथासोन. ज्या रेमडेसिविरच्या एका इंजेक्शनसाठी आपल्याकडे लोक रात्रभर दुकानं पालथी घालत होते, तेच. मेसेजमधली 'गोळी नाही, ऑपरेशन नाही' ही ओळ लिहिणाऱ्याला हा डी.ओ. ठाऊक नसावा.

इंग्लंडमध्ये चित्र वेगळं. तिथे १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथची नोंदणी होते, पण तो वैद्यकीय डॉक्टर नसतो. फक्त हातांचे उपचार करतो. आपल्या गावात कुणी 'ऑस्टिओपॅथ' अशी पाटी लावली, तर तो फार तर या दुसऱ्या जातीचा असणार. मेसेज मात्र त्याला पहिल्याची पुण्याई देतो. भारतात होमिओपॅथीला आणि आयुर्वेदाला २०२० च्या कायद्यांनी स्वतंत्र राष्ट्रीय आयोग आहेत. ऑस्टिओपॅथीला तसा नाही. म्हणजे पाटीमागचा माणूस किती शिकलाय, हे विचारायचं कुणाला?

राहिली गादी. मणक्यांमधली चकती ही काही ड्रॉवर नाही, ढकलला की आत. 'कट्' असा आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते म्हणून; हाड जागेवर बसल्याचा तो नव्हे. बाहेर आलेली चकती बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप आक्रसते आणि पायात जाणारी कळ बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. त्या दिवसांत तुम्ही ज्याच्याकडे गेलेले असता त्याला श्रेय मिळतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. हाताच्या उपचारांनी कंबरदुखीला थोडा आराम पडतो, हे मी नाकारत नाही. कोणते उपचार करावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये त्यांना जागा दिली, पण व्यायामाच्या जोडीनेच. आणि त्यासाठी अमेरिका कशाला? मेटलंड, मलिगन ही हातांनी सांधे हलवण्याची तंत्रं आपले फिजिओथेरपिस्ट शिकलेले असतात.

साइड इफेक्ट शून्य, हेही खोटं. मानेला झटका देताना मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. प्रकार दुर्मिळ, पण शून्य नव्हे. मला जास्त भीती मणक्याच्या टीबीची वाटते. संध्याकाळचा ताप, उतरतं वजन, रात्री वाढणारी पाठदुखी असेल, तर त्या पाठीला कुणीही हात लावू नये. जांघेत बधिरपणा किंवा लघवी अडकणं असेल तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठावं.

धंद्याचा आरोप मात्र मी पूर्ण झटकणार नाही. 'मणक्यात गॅप आलाय' हा शब्द लोकांच्या तोंडी आमच्यातल्याच कुणीतरी घातला. काही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांचे एमआरआय काढले, तरी सुमारे ३० टक्के जणांत चकती फुगलेली दिसते. हे न सांगता रिपोर्ट हातात ठेवला की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस असले मेसेज पुढे पाठवतो.

हे लिहीत असताना कवलापूरचे एक काका आले, कंबर धरून. गेली तीन वर्षं माझ्याकडेच येतात. या वेळी पहिल्यांदाच विचारलं, "काका, कुणाकडून पाठ मोडून-बिडून घेतली का?"

"घेतली की. तालमीतल्या वस्तादाकडं. दर महिन्याला जातो."

"मग सांगितलं नाही कधी?"

"तुम्ही कुठं इचारलं?"