नेपच्यून फिका का, गुरू दबलेला का

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही ऐसपैस देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी रंगवलेल्या ग्रहांच्या चित्रांत नेपच्यून फिका पडलाय, गुरू वरून-खालून दबलाय, आणि नासाचे फोटो बघूनच रंगवायचं असेल तर तोच फोटो ठाण्यात कुठेही छापून मिळेल, तोही स्वस्तात. वर 'तारे विसरलात वाटतं' हा टोला.

गुरू दबलेलाच आहे हो! दहा तासांच्या आत स्वतःभोवती फेरी मारतो, त्यामुळे पोटाशी फुगलाय. विषुववृत्तावर व्यास १,४२,९८४ किमी, ध्रुवांमधून १,३३,७०८. कॅनव्हासवर ३० सेंटिमीटर रुंद काढला तर उंची २८ भरते. ताट उपडं ठेवून गोल आखला की बिनसलंच.

नेपच्यूनचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. शाळेच्या तक्त्यावरचा तो गडद निळा व्हॉयेजर २ यानाच्या १९८९ मधल्या छायाचित्रांमधून आला. ढग नि पट्टे उठून दिसावेत म्हणून त्यांचा कॉन्ट्रास्ट वाढवला होता, आणि तसं तेव्हा सांगितलंही होतं. पुढे ती टीप गळाली, रंग तेवढा उरला. ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने हबल ही अवकाशातली दुर्बीण आणि चिलीतली व्हीएलटी दुर्बीण यांची निरीक्षणं घेऊन रंग नव्याने जुळवले. ते काम जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. नेपच्यून जवळपास युरेनससारखाच फिकट हिरवट-निळा निघाला, किंचित जास्त निळा इतकंच. म्हणून माझ्या पॅलेटवर टायटॅनियम व्हाइटचा ढीग होता आणि थॅलो ब्लू हा गडद निळा सुईच्या टोकाएवढा. फार जहाल रंग आहे तो, जरा हात सैल सुटला की सगळं गिळतो. शिवाय अ‍ॅक्रिलिक ओलं असताना त्यातला बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट द्रव, दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो आणि रंग गडद दिसतो. म्हणून ओला रंग मुद्दाम आणखी फिका ठेवला होता.

आता छापण्याचं. कुठला फोटो छापणार? जुनो यान गुरूच्या ढगांवरून काही हजार किलोमीटरवरून जातं, तेव्हा त्याला अख्खा गुरू दिसतच नाही. त्याच्या कॅमेऱ्याची कच्ची चित्रं सर्वांसाठी खुली असतात. हौशी मंडळी त्यांवर काम करून निळे भोवरे हवे तेवढे भडक करतात. देखणे असतात, पण ते पूर्ण गोलावर चिकटवले तर मापच बिघडतं. मी पट्टे हबलच्या चित्रावरून घेते, भोवऱ्यांची वळणं जुनोवरून, आणि रंग ठाण्याजवळच्या येऊरला मित्राच्या दुर्बिणीतून दिसतो तसा सायीसारखा, त्यावर मळकट तपकिरी पट्टे. कडेकडे प्रकाश मंदावतो, तो प्रक्रिया केलेल्या चित्रांत बरेचदा सपाट झालेला असतो. तिथे बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) ग्लेझिंग मीडियममध्ये, म्हणजे रंग पारदर्शक करणाऱ्या द्रवात, अगदी पातळ करून थरावर थर देते. खालचा थर पुरता वाळला नसेल तर ब्रशबरोबर उचलून येतो. मे महिन्यात नौपाड्यात पंख्याखाली रंग ब्रशवरच सुकतो, पावसाळ्यात मात्र चिकट राहतो.

प्रिंट स्वस्त पडेल, यात वाद नाही. भिंतीसाठीच हवा असेल तर खुशाल घ्या.

राहिले तारे. टूथब्रशवर पांढरा रंग घेऊन शिंतोडे उडवायला कितीसा वेळ लागतो? पण गुरूच्या उजेडाला जुळेल इतकंच एक्स्पोजर ठेवलं तर मागचे तारे उमटत नाहीत. तेव्हा ते आभाळ काळंच राहील.