दोन जीबीत भागवा

ऑपरेटिंग सिस्टीम कोणती टाकावी, हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. विचारणारा बाजूला राहतो आणि उत्तर देणारे एकमेकांच्या अंगावर जातात. मी तो एका मुंजीच्या पंगतीत विचारला, आणि मठ्ठा येईपर्यंत माझ्या डाव्या-उजव्या हाताच्या नातेवाइकांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं होतं.

लॅपटॉप बाबांचा. २०१६च्या आसपास दहा हजारांच्या आतले चिमुकले लॅपटॉप ऑनलाइन सेलमध्ये निघाले होते, त्यांतला हा एक. दहा इंची पडदा, तोही कीबोर्डपासून सुटा होणारा. इंटेलचा ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण. हा प्रोसेसर मुळात टॅब्लेटसाठी केलेला. २ जीबीच्या वर रॅम तो घेतच नाही, आणि आहे तीही बोर्डालाच सोल्डर केलेली. त्यामुळे 'आधी रॅम वाढवून घे' हा जो सल्ला कुणीही, काहीही न ऐकता देतं, तो इथे जागीच बाद.

बाबांच्या अपेक्षाही काही फार नाहीत. ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. नोटिसा, सभेचं इतिवृत्त, मेंटेनन्सचा हिशेब, विजेचं बिल, आणि दुपारी आई झोपली की पत्त्यांचा डाव.

"मोबाइलवर होतं की हे सगळं," आई म्हणाली.

"मोबाइलवर लिहिलेल्या नोटिशीला कोणी घाबरत नाही," बाबा म्हणाले. विषय संपला.

लॅपटॉपवर विंडोज १० होती. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवणं, थांबवला. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय. पहिल्या दोन्ही गोष्टी आमच्याकडे बरोब्बर निम्म्या. तिसरीच्या चौकशीची वेळच आली नाही. आहे तीच १० पुन्हा कोरी करून टाकावी म्हटलं, तर तिचीही किमान जागेची अट २०१९ साली ३२ जीबी झालेली. आमचे ३२ प्रत्यक्षात मोजायला गेलं की तिशीच्याही आत भरतात. म्हणजे विंडोज आत राहणार आणि बाबांच्या फायलींनी बाहेर थांबायचं.

आता पंगतीकडे येतो. मावसभाऊ हिंजवडीत नोकरीला आहे. तो म्हणाला, "मिंट टाक, डोळे झाकून." (मिंट म्हणजे लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा एक प्रकार; पुढे येणारी आर्चही त्यातलीच.) समोर बसलेला इंजिनिअरिंगचा भाचा जिलबी खाली ठेवून म्हणाला, "मामा, मिंट म्हणजे म्हाताऱ्यांचं. आर्च टाक." म्हटलं, "अरे, म्हाताऱ्यांसाठीच हवंय." पण तो मावसभावाकडे वळला होता. पुढचं संभाषण मला कळलं नाही, एवढंच कळलं की मुंजमुलगा त्यांच्यापेक्षा समंजस होता.

न्यू जर्सीच्या चुलतभावाला व्हिडिओ कॉलवर विचारलं. त्याने क्रोमओएस फ्लेक्स सुचवली. गूगलने २०२२ साली जुन्या लॅपटॉपसाठीच काढलेली, फुकट, सुटसुटीत. फक्त रॅम ४ जीबी हवी. आमच्याकडे दोनच आहे म्हटल्यावर तो "ओह" म्हणाला आणि तिकडच्या थंडीचं सांगायला लागला.

कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला सगळ्यांत ठाम. "काका, सेव्हन मारून देतो. लाइट व्हर्जन आहे आपल्याकडे. मक्खन चालेल. पाचशे रुपये." विंडोज ७चा सपोर्ट २०२०च्या जानेवारीतच संपला, असं मी म्हणालो. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "सपोर्टला मी आहे ना!" या वाक्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मग बाबांनीच एक मुद्दा काढला. "हे सगळे परदेशी. आपलं काही नाही का? सी-डॅक तर पुण्यातच आहे." निघालं, आपलंही निघालं! भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स, म्हणजे बॉस. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची, २००७ पासूनची, भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून केलेली. बाबांची छाती फुगली. जरा खोलात गेलो तर बॉस डेबियन नावाच्या लिनक्सवर बेतलेली. मिंट उबुंटू नावाच्या आणखी एका लिनक्सवर बेतलेली आणि उबुंटू पुन्हा डेबियनवर. म्हणजे आम्ही जी भांडणं ऐकत होतो ती बहुतेक एकाच कुळातली, इस्टेटीच्या वाटणीसारखी. आर्च तेवढं परगोत्री.

मिंटचा पेनड्राइव्ह तयार केला. लॅपटॉप चालू होताना कधी एस्केप, कधी डिलीट, कधी एफ टू बडवायचं असतं. कोणतं बटण ते कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे मी तिन्ही आलटून पालटून बडवत होतो आणि बाबा शेजारी उभे राहून "हळू, हळू" म्हणत होते. सेटिंगचं निळं पान शेवटी आलं. त्यात सगळं होतं, फक्त पेनड्राइव्ह नव्हता. पेनड्राइव्ह बदलला. भोक बदललं. बाबांनी फुंकरही मारून पाहिली.

कारण निघालं ते असं. या लॅपटॉपचा प्रोसेसर आहे ६४ बिटांचा, पण त्याला उठवणारं यूईएफआय नावाचं फर्मवेअर टाकलंय ३२ बिटांचं. आजकालच्या बहुतेक लिनक्सच्या फायली पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला ६४ बिटांचं फर्मवेअर मागतात. दारावरचा रखवालदार फक्त ३२ ओळखतो, तो ६४वाल्याला हाकलत नाही, त्याला तो दिसतच नाही. एवढा साधा खुलासा पंगतीतल्या एकाही विद्वानाने केला नव्हता. आवडीनिवडी सगळे सांगतात, फर्मवेअर किती बिटांचं हे कुणी विचारत नाही.

डेबियनवाल्यांनी मात्र २०१५ सालच्या आठव्या आवृत्तीपासूनच असल्या अर्धवट यंत्रांची सोय करून ठेवली आहे. तेव्हा डेबियन आम्ही निवडली असं कुणी म्हणू नये. लॅपटॉपने ती निवडली. आम्ही मान डोलावली.

मान डोलावली हे अगदी खरं, कारण पेनड्राइव्हवरून डेबियन सुरू झाली ती आडवी. पडदा मूळचा टॅब्लेटचा असल्याने वरची बाजू कोणती याबद्दल त्याची स्वतंत्र मतं होती. अक्षरं सगळी कुशीवर झोपलेली. बाबांनी आधी उजवीकडे मान टाकून दोन ओळी वाचल्या. मग मान अवघडली म्हणून पडदा कीबोर्डपासून सोडवला, उभा करून मांडीवर घेतला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि बोट फिरवत एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागले. "पार्टिशन... डिस्क्स... गाइडेड..." आई स्वयंपाकघरातून डोकावली. "आज एकादशी आहे का हो?"

वायफाय पहिल्या झटक्यात लागलं. हे मी मुद्दाम सांगतोय. २०२३ची बारावी आवृत्ती येईपर्यंत डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असल्या वायफायचं फर्मवेअर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, नसायचं. ते इंटरनेटवरून उतरवून घ्यावं लागायचं, आणि इंटरनेटसाठी वायफाय लागायचं. लोकांनी अशा काळातही लिनक्स वापरलं, त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. पडदा एका ओळीच्या आज्ञेने सरळ झाला. स्पीकर मात्र गप्प राहिला. हेडफोन लावला की आवाज येतो, काढला की येत नाही. आईला यात काही बिघाड वाटला नाही. दुरुस्त करू नकोस, असं तिने मला बाजूला घेऊन सांगितलं.

आणि मग बाबांनी सोसायटीची जुनी फाइल उघडली. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' असं जिथे असायला हवं तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा चिवडा. युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत, अंगवळणी पडण्याआधी आपल्याकडे मराठी टायपिंग जुन्या फाँटांत चालायचं. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाँट गेला की मराठीचा मुखवटा गळून पडतो. बाबा खुर्चीत टेकले. "वीस वर्षांची इतिवृत्तं आहेत रे ती." त्यांचा चेहरा बघवेना. जुन्या डेस्कटॉपच्या डिस्कवर ती फाँटची फाइल सापडली. ती इकडच्या फाँटच्या फोल्डरमध्ये टाकली, फाइल बंद करून उघडली, तर पाण्याच्या टाकीचा २००९चा अख्खा ठराव काना-मात्रेसकट हजर. बाबांनी तो उभ्यानेच वाचला. त्यात चौथ्या मजल्यावरच्या सभासदांनी दिलेलं एक लेखी आश्वासन निघालं. ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्याचे पैसे बाबांच्या मते तिथेच वसूल झाले, जरी ती फुकट होती.

रॅमचं म्हणाल तर एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपसह, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीसह, डेबियन नुसती बसलेली असताना २ जीबीतली निम्म्याहून बरीच जागा मोकळी असते. कोणती सिस्टीम शंभर एमबी कमी खाते यावर पोरं रात्र रात्र वाद घालतात. घालोत बापडी. खरा खादाड ब्राउझर. बँकेची साइट उघडा, शेजारी बातम्यांचं एक पान उघडा, की वाचवलेली सगळी रॅम जाहिरातींनी फस्त केलेली असते आणि माउसचा बाण विचार करत उभा राहतो. तिथे मिंट काय, आर्च काय आणि बॉस काय, सगळे सारखेच हतबल. बाबांनी यावर त्यांच्या पद्धतीचा तोडगा काढला. लॅपटॉपच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे : 'एका वेळी एकच टॅब उघडावा. – सेक्रेटरी.'

पत्त्यांचा प्रश्न सर्वांत सहज सुटला. आयलरायट नावाचा कार्यक्रम टाकला. त्यात एकट्याने खेळायचे ऐंशीहून अधिक डाव आहेत. नोटिसा निघणं त्यामुळे थोडं मंदावलं आहे, आणि सभासद माझ्याकडे कृतज्ञतेने बघतात.

बाबा आता बागेतल्या बाकावर इतरांना सल्ला देतात. परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात एक अनोळखी गृहस्थ, हातात कापडी पिशवी, पिशवीतून लॅपटॉपचा कोपरा बाहेर आलेला.

"सेक्रेटरीसाहेब इथेच राहतात ना? तुमच्याकडे ३२ बिटांचं उघडून देतात म्हणे."

मी काही बोलायच्या आत आतून बाबांचा आवाज आला, "आधी विचार त्यांना, रॅम किती आहे. चार असेल तर म्हणावं, शेजारी जा."